आखाजीच्या घागरीभोवती आठ संघ

आमच्या घरात पुढचं सांगणारी माणसं दोन होती आणि त्या दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही. नाना, म्हणजे माझे वडील, फळ्यावर सांगायचे. माय ढेकळांवरून सांगायची. नानांचं धुळ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मागे आम्ही राहायचो, पुढे दुकान. दुकानाच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला असायचा आणि त्याच्यावर बाराही महिने फुटबॉल. आमच्याकडच्या लीगमध्ये आठ संघ होते. सहा धुळ्यातले, एक दोंडाईचाचा आणि एक चाळीसगावचा. कोण कुणाशी कधी खेळणार, कुणी किती गोल केले, कुणाचा गुडघा सुजला, हे सगळं त्या फळ्यावर सापडायचं. पंक्चर काढायला आलेला माणूस आधी फळा वाचायचा आणि मग सायकल आडवी करायचा. आणि वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नाना अंघोळ करून, स्वच्छ बंडी घालून, येणाऱ्या मोसमात कोणता संघ कितवा येणार हे एक ते आठ असं त्या फळ्यावर लिहायचे. लीग पोळ्यानंतर सुरू व्हायची. पण ती यादी पाहायला आखाजीला अशी गर्दी जमायची, की समोरचा कुल्फीवाला त्या दिवशी आपली गाडी आमच्याच दारात लावायचा.

आखाजीला खानदेशात पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात पाणी, वर डांगर, म्हणजे तुम्ही ज्याला खरबूज म्हणता ते, नाहीतर आंबा. माय कापडण्याच्या बाजूच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. ती घागर टेकवायची चार ढेकळांवर. प्रत्येक ढेकळाला पावसाच्या एकेका महिन्याचं नाव. नवी घागर रात्रभर झिरपते. सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस जास्त. जे कोरडं राहिलं, त्या महिन्यात आभाळाकडे बघत बसायचं. मामा दुसऱ्या दिवशी खास तेवढं विचारायला सायकलवर यायचे. नानांचा यावर विश्वास नव्हता, पण घागरीला हात जोडल्याशिवाय ते खडूला हात लावत नसत. माय म्हणायची, "पानीले बठ्ठं समजस. तुना नानाले फक्त फळा समजस." बठ्ठं म्हणजे सगळं.

आता मी जळगावात असते. शाळेतली नोकरी संपून बरीच वर्षं झाली. माझा नातू पुण्याहून दर वर्षी विलायतेतली लीग सुरू व्हायच्या आधी फोन करतो. "आजी, टेबल सांग ना. कोण पहिलं, कोण खाली जाणार?" त्याच्या मोबाइलमध्ये हे सांगणारी यंत्रं आहेत, आकडे आहेत, रंगीत आलेख आहेत. तरी तो मला विचारतो आणि मी चष्मा लावून, वीसच्या वीस नावं वाचून दाखवायला लावून त्याला टेबल सांगते. त्याचा एक लाडका संघ आहे. तो मी दर वर्षी अगदी शेवटी टाकते. तो रुसतो, दोन दिवस बोलत नाही. त्याला वाटतं, आजीला काही कळत नाही. त्याच्यासाठीच हे लिहून ठेवतेय म्हणा.

माझा मोठा भाऊ विलास नदीकाठ संघाचा गोलकीपर. पांझरेच्या काठच्या आमच्या गल्ल्यांतली पोरं या संघात. एक दूधवाला, दोन गवंडी, एक दाढीचं दुकान चालवणारा, बाकीचे कॉलेज सोडलेले किंवा सोडण्याच्या बेतात असलेले. बूट अकरांपैकी सात जणांना. विलास उंच, हातपाय लांब, जेवायला बसला की मायला पोळ्या लाटता लाटता घाम फुटायचा. बारावीत दोनदा गटांगळी खाल्ली होती त्याने आणि त्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते एकच. नाना दर आखाजीला आपल्या फळ्यावर नदीकाठला आठवं लिहायचे. पोटच्या पोराचा संघ आणि दर वर्षी आठवा. बरं, आठवे आलो असतो तर बोलायला जागा नव्हती. पण नदीकाठ दर वर्षी सहावा यायचा. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जायचे, त्यात आम्ही कधीच नसायचो. तरी पुढच्या आखाजीला पुन्हा आठवा. विलास त्या दिवशी पुरणपोळीवर राग काढायचा, म्हणजे आठाच्या जागी अकरा खायचा.

आमचे मोठे काका सुरतेला असत. त्यांचा तिथे कापडावर खडी लावायचा कारखाना होता आणि विलासने तिकडे यावं असा त्यांचा धोशा होता. नाना मोठ्या भावापुढे कधी मान वर करून बोलले नाहीत. त्या वर्षी होळीला काका आले, ओसरीवर बसून विलासकडे नखशिखान्त बघितलं आणि म्हणाले, "एवढा हत्ती झालाय, बॉल अडवून पोट भरणार का?" नाना खाली बघून म्हणाले, "आबा, एवढा मोसम खेळू द्या. संघ लीगमधून खाली गेला, की मी स्वतः त्याला गाडीत बसवून देतो." काकांनी मान हलवली. ठरलं. विलास त्या संध्याकाळी नदीवर जाऊन एकटाच बसला. सुरतेला गल्लीतली चार पोरं गेली होती. दिवाळीला यायची तेव्हा त्यांच्या अंगावर चांगले कपडे असायचे आणि बोलायला काही नसायचं. मला विलास तसा झालेला नको होता. मी तेव्हा अकरावीत होते आणि भावावर माझा जीव होता, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं तर तो हसेल.

आखाजीच्या चार दिवस आधी जेवताना ठिणगी पडली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. विलास म्हणाला, "नाना, या वर्षी तरी सहावे लिहा. पोरांचं मन खचतं." नाना म्हणाले, "फळ्यावर मनात येईल ते लिहिता येत नाही." मायने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "दरसाल आठवा लिखतस, दरसाल सहावा येस. असा फळाले काय करनं?" नाना हसले. ते पाहून मला सुचलं. मी म्हटलं, "माय, या वर्षी संघांची पण ढेकळं ठेवू या. महिन्यांची चार खाली आणि संघांची आठ घागरीभोवती. जे जास्त भिजेल तो संघ पहिला. बघू, नाना खरे की पाणी." मायला ते आधी आवडलं नाही. घागर पितरांची, तिथे बॉलचा काय संबंध? पण नानांना हरवायची संधी आयती आलेली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पन माटी मना भाऊना वावरनी पाहिजे. रस्तानी नही."

माती आणायला मीच गेले. आणि इथे मी जे केलं ते फक्त शेतकऱ्याच्या घरात लुडबुड केलेल्या, पण स्वतः शेती न केलेल्या पोरीलाच सुचेल. मामाच्या वावरात बैलगाडीची चाकोरी होती. वर्षानुवर्षं चाकांखाली दाबलेली माती. तिचं ढेकूळ निघतं ते दगडासारखं. पाण्यात ठेवलं तरी वरून ओलं होतं, आत कोरडंठाक. आणि नांगरलेल्या तासातलं ढेकूळ असतं भुसभुशीत. पाण्याचा वास आला की विरघळायला सुरुवात. दोन्ही काळी माती, दोन्ही एकाच वावरातली, दिसायला सख्ख्या बहिणी. मी सात ढेकळं चाकोरीतून खणून काढली आणि एक तासातून उचललं. मामा विहिरीवर होते. सात एका फडक्यात, एक दुसऱ्या फडक्यात. नदीकाठला पहिलं आणायचं होतं मला. पहिलं येणार म्हटल्यावर पोरं जिवाच्या आकांताने खेळतील, काकांनाही जरा धाक बसेल, असा माझा हिशेब. अकरावीत मी तर्कशास्त्र घेतलं होतं, हे सांगायला लाज वाटते.

आखाजीचा दिवस नेहमीसारखाच छान गेला. मायने खापरावर मांडे केले, हातावर फिरवून फिरवून केवढाले, आणि आमरसाचं पातेलं भरून ठेवलं. सांजोऱ्यांचा वास दुकानापर्यंत गेला. दुकानासमोरच्या लिंबाला झोका बांधला होता, माहेरी आलेल्या पोरी आळीपाळीने त्यावर चढत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. पुरुष सावलीला पत्ते कुटत होते. मी घागरीभोवती आठ ढेकळं गोल मांडली, प्रत्येकापुढे संघाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. नदीकाठचं ढेकूळ मी घागरीला अगदी बिलगून ठेवलं. माय घागरीला हळदकुंकू वाहत होती, तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दुकानात नानांनी फळा लिहिला. पहिला माग मोहल्ला, दुसरा कॉलेज, आणि असं करत करत आठवा नदीकाठ. या वेळी लोकांनी फळा वाचला आणि विचारलं, "ढेकळं काय म्हणतात?" नानांच्या फळ्याला प्रतिस्पर्धी आल्याची बातमी पत्त्यांच्या डावांतून चारी बाजूंना गेली होती.

सकाळी उजाडायच्या आत विलासचे आठ-दहा खेळाडू ओसरीवर हजर. मायने घागर उचलली. महिन्यांच्या चार ढेकळांत श्रावण चांगला भिजलेला होता, ते बघून तिला बरं वाटलं. संघांची सात ढेकळं होती तशी, नुसती काळपट झालेली. आणि नदीकाठच्या ढेकळाचा चिखल झाला होता. चिठ्ठीसकट. पोरांनी अशी आरोळी ठोकली, की शेजारचं बाळ जागं होऊन रडायला लागलं. दूधवाल्याने विलासला खांद्यावर घेतलं आणि दोघंही दारात अडकले. विलास तसाच दुकानात गेला, हाताच्या बाहीने फळा पुसला आणि पहिल्या जागी नदीकाठ लिहिलं. बाकीचे सात एकेक पायरी खाली. नानांनी त्याला अडवलं नाही. ते घागरीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी माग मोहल्ल्याचं ढेकूळ उचललं, अंगठ्याने दाबलं. फुटलं नाही. मग दोन्ही हातांनी फोडलं आणि आतली कोरडी माती पाहिली. त्यांचं बालपण वावरातच गेलेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, माती परत खाली ठेवली, हात झटकले आणि दुकान उघडायला गेले. मी त्या दिवशी जेवले नाही. सांजोऱ्या खाऊन पोट बिघडलंय असं सांगितलं.

मग उन्हाळा गेला, पाऊस आला, श्रावणात खरंच चांगला पडला त्यामुळे मायच्या ढेकळांचा गावभर दबदबा झाला. पोळा झाला आणि लीग सुरू झाली. जुन्या मिलमागच्या मैदानावर, दर रविवारी. मुली मैदानात जात नसत, पण कंपाउंडच्या पडक्या भिंतीवर बसायला कुणी हरकत घ्यायचं नाही. पहिला सामना माग मोहल्ल्याशी. यंत्रमागावर काम करणारी पोरं ती, पायांत वीज. आमच्याशी खेळताना दर वर्षी त्यांचे निम्मे नेहमीचे खेळाडू दिसायचे नाहीत. या वेळी अकराच्या अकरा आले, मोजे वर ओढून, केसांना तेल लावून. पाच गोल झाले. विलासने आणखी पाच अडवले, पण ते कोण मोजतं. पुढच्या रविवारी मिल चाळ, तीन गोल. मग पोलीस लाइन, चार. मग दोंडाईचा. ते एरवी आमच्याशी सामना असला की गाडी चुकली म्हणून उशिरा यायचे. या वेळी आदल्या दिवशीच येऊन राहिले. दोन गोल. चार सामने, चार हार. सात सामन्यांच्या लीगमध्ये उरले तीन, आणि त्यातले दोन तरी जिंकल्याशिवाय सहावी जागा नाही. काकांचं पत्र आलं, खोली बघून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी माय कळण्याचं पीठ जास्तीचं दळून घेऊन आली आणि एका स्वच्छ डब्यात वेगळं भरून ठेवलं. ते कुणाबरोबर जाणार हे आम्हाला सगळ्यांना कळलं. विलास त्या डब्याकडे बघायचासुद्धा नाही.

माग मोहल्ल्याचे कप्तान रफीकभाई चेन बसवायला दुकानात आले. नाना जेवायला आत गेले होते, गल्ल्यावर मी. रफीकभाई पस्तिशीचे, गोड स्वभावाचे. मी जरा फुरंगटूनच विचारलं, "या वर्षी आमच्यावर एवढा राग का होता? पाच गोल?" ते हसले. म्हणाले, "राग कसला बेटा. दरसाल नाना तुम्हाला आठवे लिहायचे, तर आम्ही पण निवांत. आठव्या नंबरच्या टीमसाठी मागावरची पाळी कोण बुडवणार? कच्ची पोरं पाठवून द्यायचो. कधी जिंकायचो, कधी तुम्ही जिंकायचे. या साली तुमची टीम पहिल्या नंबरची. ढेकूळ भिजलं ना. मग सगळ्यांनी पाळी बदलून घेतली." ते चेन बसवून, हॅण्डल हलवून बघून गेले.

मला वाटायचं, नानांना आपल्या पोराचं कौतुक नाही. आणि खरं काय होतं? मी आत गेले. नाना ताटावरून उठून हात धूत होते. मी म्हटलं, "नाना, ती सात ढेकळं चाकोरीतली होती." त्यांनी पंच्याला हात पुसले. "माहीत आहे." "मग बोलला का नाहीत?" "तू बोलशील म्हणून थांबलो. दारात पंधरा माणसं होती, त्यांच्यासमोर पोरीचा पाणउतारा कशाला करायचा?" मी विचारलं, "आणि तुम्ही आम्हाला आठवे का लिहायचात?" नाना थोडं हसले. "आठवा लिहायचो म्हणून सहावा यायचा. आबांच्या तावडीतून त्याला आणखी कसं सोडवणार होतो मी?" मला रडू फुटलं. इतकी वर्षं ज्या फळ्यावर आम्ही सगळे चिडत होतो, त्याच्या तळाशी नाना दर वर्षी पोराला लपवून ठेवत होते, आणि मी त्याला धरून ओढून सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं.

नानांना सांगणं सोपं गेलं. मायला सांगणं कठीण. ती शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "घागर पितरसनी शे वं. खेळनी नही." आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. तिचा त्या घागरीवर जेवढा विश्वास होता तेवढा तिचा दुसऱ्या कशावरही नव्हता, आणि मी तिच्या डोळ्यांदेखत, ती हळदकुंकू वाहत असताना, तिथे लबाडी ठेवली होती. मी म्हटलं, माय, काय करू? ती म्हणाली, "आते बठ्ठासले सांग. तुना हाते लिख." आणि मग शेंगांचं सूप पुढे सरकवून म्हणाली, "बस. फोडू लाग." तेव्हा कळलं की तिने मला टाकलेलं नाही.

दुपारी भर वर्दळीच्या वेळी मी स्टुलावर चढून फळ्यावर लिहिलं: "आखाजीला नदीकाठचं ढेकूळ तासातलं आणि बाकीची चाकोरीतली ठेवली होती. लबाडी माझी. भाकीत रद्द. शोभा." स्टुलावरून उतरेपर्यंत मागे वीस माणसं. एक म्हातारे हमाल मोठ्याने वाचून दाखवत होते, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. मग जो हशा उसळला तो पुढे महिनाभर मावळला नाही. कॉलेजात मला ढेकूळबाई म्हणायला लागले. बाजारात भाजीवाली विचारायची, "कोणतं वांगं देऊ, तासातलं की चाकोरीतलं?" मामांनी निरोप पाठवला की पुढच्या वेळी माती ते स्वतः आणतील. नानांनी माझ्या मजकुराखाली जुनी यादी परत लिहिली. आठवा नदीकाठ.

विलासला मी रफीकभाईंचं आणि नानांचं बोलणंही सांगितलं; तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. लबाडीसाठी नाही, हे नंतर कळलं. चौथ्या दिवशी त्याने नानांना विचारलं, "म्हणजे आम्ही सहावे येत होतो, की तुम्ही आणत होतात?" मी दाराआड उभी होते. नाना एका चाकाचे आरे ताणत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मी समोरच्यांना झोपवायचो. बॉल तूच अडवायचास." विलास खाली बसला आणि चाक धरलं. दोघांनी मिळून ते सरळ केलं.

पुढच्या रविवारी स्टेशन संघाने कच्ची पोरं पाठवली. आम्ही दोन-एकने जिंकलो. कॉलेजने मात्र दया दाखवली नाही, एका गोलने हरवलं. आता सगळं शेवटच्या सामन्यावर, चाळीसगावशी. जिंकलो तर सहावे, नाहीतर सुरत. त्या सकाळी मायने तो पिठाचा डबा बांधून ठेवला आणि पहिल्यांदाच मैदानावर आली. भिंतीवर चढायला तयार नव्हती, खालीच पदर सावरून उभी राहिली. चाळीसगावची गाडी वेळेवर आली, पण संघ पुरता आला नव्हता. ढेकळाची गोष्ट तिकडेही पोचली होती, त्यामुळे दोन खेळाडू लग्नाला गेले होते आणि अकरा भरायला कुणा एकाचा मेहुणा उतरवला होता. तो पहिल्या दहा मिनिटांतच दमून बसला. तरीही आमच्याकडून गोल होईना. शेवटी एका कॉर्नरला चेंडू दूधवाल्याच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. त्याचं स्वतःचं लक्ष दुसरीकडेच होतं; लोकांनी मिठी मारली तेव्हा त्याला कळलं. मग सामना संपता संपता चाळीसगावला पेनल्टी मिळाली. मायने मला विचारलं, "आते काय?" मी म्हटलं, आता एकटा मारणारा आणि एकटा भाऊ. तिने डोळे मिटले. विलासने लांब हात टाकला, चेंडू बोटांना लागून बाहेर गेला. माय डोळे मिटूनच उभी होती, तिला दोनदा सांगावं लागलं. त्या रात्री तो वेगळा भरून ठेवलेला डबा उघडला आणि कळण्याच्या भाकरी आम्हीच खाल्ल्या. विलासने नऊ.

नाना आता नाहीत, मायही नाही. विलास धुळ्यातच आहे, दुकान तोच चालवतो, गुडघे कुरकुरतात, सकाळी पोरांना मैदानावर पळवतो. फळा अजून दाराशी आहे. मी गेले की आधी फळा वाचते आणि मग घरात जाते. नातवाला मी ही गोष्ट फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता, पण तो म्हणाला, आजी, तिकडचे संघ तुझी यादी वाचत नाहीत. त्याचं बरोबर आहे. पण सवय आहे ती. ज्याचं बरं व्हावं असं वाटतं, त्याला मी पटकन वर लिहीत नाही.

त्या मोसमानंतरच्या आखाजीला मामा माती स्वतः घेऊन आले आणि घागरीखाली फक्त चार ढेकळं ठेवली गेली. मायने ती एकेक दाबून पाहिली, माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत. दुकानापुढे नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. नानांनी बंडी घातली, घागरीला हात जोडले आणि लिहायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. सातव्यापर्यंत आले आणि थांबले. आठव्या जागेपाशी खडू टेकवला, पण हात हलेना. इतक्या वर्षांत त्यांचा हात असा कधी थांबला नव्हता. आता पोराला सगळं माहीत होतं ना. गर्दीतून विलास पुढे आला, नानांच्या हातातून खडू घेतला, आणि आठव्या जागी स्वतः लिहिलं, नदीकाठ. त्याचं अक्षर लहानपणापासून गिचमिड. नानांनी ते दोन क्षण पाहिलं, बंडीच्या टोकाने पुसलं, आणि त्याच जागी पुन्हा लिहिलं, सुवाच्य, लांबून माग मोहल्ल्याला वाचता येईल एवढं मोठं.